पहिल्या चार भेटी

समुपदेशन केंद्रात नाव नोंदवायला फोन येतो तेव्हा एक प्रश्न हमखास विचारला जातो: "किती सिटिंग लागतील?" रूट कॅनलला किती सिटिंग लागणार ते दाताचे डॉक्टर आधीच सांगतात, मग मनाच्या दुखण्यालाही असा आकडा असावा, असं वाटणं साहजिक आहे. फोन करणाऱ्याला रजा काढायची असते, पैशांची जुळवाजुळव करायची असते, घरी काय सांगायचं ते ठरवायचं असतं.

आकडा अगदीच नाही असं नाही. १९८६ साली केनेथ हॉवर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या अनेक वर्षांच्या नोंदी एकत्र करून पाहिल्या. साधारण आठ सेशन्सपर्यंत निम्म्या लोकांत आणि सव्वीस सेशन्सपर्यंत सुमारे ७५ टक्के लोकांत मोजता येईल अशी सुधारणा दिसत होती. ही सरासरी आहे. परीक्षेच्या भीतीने आलेला मुलगा चार भेटींत मोकळा होऊ शकतो. लहानपणी झालेला अत्याचार मनात घेऊन आलेल्या बाईला दोन वर्षंही लागू शकतात.

पण एकूण किती सेशन्स लागतील, यापेक्षा पहिल्या तीन-चार भेटींत काय घडतं हे मला महत्त्वाचं वाटतं. पुष्कळ लोक पहिल्या किंवा दुसऱ्या भेटीनंतर परत येत नाहीत. दर वेळी समुपदेशक वाईट असतो म्हणून नव्हे. मनात जे चित्र घेऊन ते गेलेले असतात, त्यातलं तिथे काहीच घडत नाही, आणि प्रत्यक्षात काय घडणार आहे हे त्यांना आधी कोणी सांगितलेलं नसतं. हा लेख त्यासाठी आहे.

*

सुरुवात गोव्यापासून करतो, कारण समुपदेशन म्हणजे नेमकं काय हे तिथल्या एका प्रयोगातून फार स्वच्छ दिसतं.

१९९६ साली गोव्यात 'संगाथ' ही संस्था सुरू झाली. मनोविकारतज्ज्ञ विक्रम पटेल तिच्या संस्थापकांपैकी एक. देशभरात मनोविकारतज्ज्ञ आणि मानसशास्त्रज्ञ मोजके असताना खेड्यापाड्यांतल्या माणसाच्या उदासपणावर उपचार करणार कोण, हा या मंडळींपुढचा प्रश्न होता. त्यांनी गावातलीच, मानसशास्त्राची पदवी नसलेली माणसं निवडली. त्यांना काही आठवड्यांचं प्रशिक्षण दिलं, मग अनुभवी माणसांच्या देखरेखीखाली काम करायला लावलं. हे समुपदेशक प्राथमिक आरोग्य केंद्रात, गरज पडली तर रुग्णाच्या घरी जाऊन, सहा ते आठ भेटी घेत. एकेक भेट अर्ध्या-पाऊण तासाची. बोलणं अर्थातच रुग्णाच्या भाषेत.

या भेटींत उपदेश नव्हता. आजारामुळे आयुष्यातून काय काय गळून पडलंय ते दोघं मिळून शोधत. एखाद्याने भजनाला जाणं सोडलेलं असे, कुणी शेजारणीशी बोलणं थांबवलेलं असे, कुणाला अंघोळ करणंसुद्धा जड झालेलं असे. त्यातलं एखादं छोटं काम पुढच्या आठवड्यासाठी ठरवायचं, ते केल्यावर मनाला कसं वाटलं ते टिपून आणायचं, आणि पुढच्या भेटीची सुरुवात तिथून करायची. समुपदेशकांच्या संभाषणांचं रेकॉर्डिंग होई. सहकारी एकत्र बसून ते ऐकत आणि एकमेकांच्या कामाला गुण देत.

दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांतल्या, बऱ्यापैकी तीव्र नैराश्य असलेल्या ४९५ लोकांवर याची चाचणी झाली. तिचे निष्कर्ष 'लॅन्सेट'मध्ये आले. तीन महिन्यांनी, फक्त डॉक्टरांची नेहमीची सेवा मिळालेल्या गटात ३९ टक्के लोक नैराश्यातून बाहेर आले होते. ज्यांना त्या सेवेबरोबर समुपदेशनही मिळालं, त्यांच्यात ६४ टक्के.

या आकड्यांमुळे दोन समज मोडायला हवेत. समुपदेशन म्हणजे नुसत्या गप्पा, हा पहिला. ते इंग्रजी बोलणाऱ्या, शहरी, पैसेवाल्या लोकांचं खूळ आहे, हा दुसरा. विदर्भात अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत 'विश्राम' या प्रकल्पाने असंच काम केलं, तेही शेतकरी आत्महत्यांनी होरपळलेल्या भागात. नैराश्य असलेल्या लोकांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण तिथे ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. गावकरी समुपदेशकाशी बोलत नाहीत असं कोणी म्हणालं, तर त्याला हा आकडा सांगावा.

*

आता कुणाकडे जायचं? पाट्या बऱ्याच असतात आणि त्यांत गोंधळ होतो. मनोविकारतज्ज्ञ हा एम.बी.बी.एस.नंतर मनोविकारशास्त्र शिकलेला डॉक्टर. औषध तोच लिहून देतो. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ मानसशास्त्रातल्या एम.ए.नंतर रुग्णालयात राहून पुढचं प्रशिक्षण घेतो आणि भारतीय पुनर्वास परिषदेकडे त्याची नोंदणी असते. तुम्ही नोंदणी क्रमांक विचारू शकता. 'समुपदेशक' या पाटीखाली मात्र दोन वर्षं पद्धतशीर शिकून, ज्येष्ठांच्या देखरेखीखाली काम केलेली माणसं बसतात आणि पंधरवड्याचा कोर्स करून आलेलीही बसतात. २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यावसायिकांच्या कायद्याने या क्षेत्रालाही नोंदणीच्या चौकटीत आणण्याची तरतूद केली आहे. पाटी बघून मात्र आजही काही कळत नाही. म्हणून विचारावं: शिक्षण काय, कुणाच्या हाताखाली काम केलं, माझ्यासारख्या त्रासाच्या लोकांबरोबर काम केलंय का. चांगल्या समुपदेशकाला या प्रश्नांचा राग येत नाही.

*

कोल्हापूरच्या एखाद्या शाळेत शिकवणारी, चाळिशीच्या आतबाहेरची एक बाई डोळ्यांसमोर आणू. ही कुणी एक व्यक्ती नाही. अशा अनेकींच्या बाबतीत जे घडतं ते सांगायला ती हवी. सहा महिने तिला झोप नाही. वर्गात उभी असताना छातीत धडधडतं. घरी मुलांवर ओरडते आणि रात्री त्याचं वाईट वाटून घेते. फॅमिली डॉक्टरने ईसीजी काढला, तो ठीक आला, आणि त्यांनीच समुपदेशकाचं नाव दिलं.

पहिल्या भेटीचा बराचसा वेळ माहिती देण्यात जातो, हे तिला माहीत नव्हतं. झोप किती, भूक कशी, घरात कोण कोण, पाळी नियमित आहे का, कुणाला आधी असा त्रास होता का, कुठली औषधं चालू आहेत. समुपदेशक थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२ तपासून घ्यायला सांगते, कारण या तिन्हींतल्या बिघाडाने उदासपणा आणि थकवा येऊ शकतो. मग नऊ प्रश्नांचा एक कागद. गेल्या दोन आठवड्यांत असं किती वेळा वाटलं, त्याला शून्य ते तीन गुण. बेरीज जास्तीत जास्त सत्तावीस. ही परीक्षा नसते. दोन महिन्यांनी तोच कागद पुन्हा भरला की तुलना करता येते, म्हणून तो असतो.

या कागदावरचा शेवटचा प्रश्न मरणाच्या विचारांबद्दल आहे. समुपदेशक तो तोंडीही विचारते, आडवळण न घेता: "जीव द्यावा असं कधी मनात येतं का? काही ठरवलंय का?" बाई दचकते. आपल्याकडे हा विषय घरात काढत नाहीत. विचारलं तर नसलेला विचार डोक्यात भरेल, अशी भीती असते. विचारण्याने तो विचार कोणाच्या मनात शिरत नाही. उलट असेल तर तो बोलून दाखवायला वाट मिळते. 'हो' म्हटलं तर पोलीस येतील, ही भीतीही काढून टाकावी. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचं ११५ वं कलम सांगतं की आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच गृहीत धरायचं आणि तिच्या काळजीची, उपचारांची जबाबदारी सरकारने घ्यायची. नव्या भारतीय न्याय संहितेत जुन्या ३०९ कलमासारखी सरसकट शिक्षेची तरतूदही उरलेली नाही.

मग येतो गुप्ततेचा मुद्दा. इथे नीट ऐकावं. समुपदेशक सांगते की इथलं बोलणं नवऱ्याला, सासूला, मुख्याध्यापकांना कळणार नाही. पण याला मर्यादा आहेत आणि त्या पहिल्याच दिवशी सांगणं हे तिचं काम आहे. तुमच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका दिसला, तर ती जवळच्या माणसाला कळवेल. अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार होत असल्याचं समजलं, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याने ते कळवणं तिला बंधनकारक आहे. न्यायालयाने माहिती मागितली तर द्यावी लागते. हे सगळं लिहिलेला संमतीचा कागद वाचून, शंका विचारून मगच सही करावी.

पंचेचाळीस-पन्नास मिनिटं संपतात. बाई रिक्षात बसते आणि तिला वाटतं, मी एवढं सगळं सांगितलं, मॅडम तर काहीच बोलल्या नाहीत. घरी गेल्यावर डोकं दुखतं. रात्री आठवतं, आईबद्दल आपण नको ते बोलून गेलो. परक्या बाईसमोर रडलो. पुढच्या आठवड्यात जायचंच कशाला?

पुष्कळ जण इथेच गळतात. म्हणून स्पष्ट लिहितो: पहिल्या भेटीनंतर हलकं वाटेलच असं नाही. थकवा येणं, लाज वाटणं, दोन दिवस जास्त बेचैन राहणं हे सर्रास घडतं. अनेक वर्षं मिटलेल्या गोष्टीला हात लागलेला असतो. दुसऱ्या भेटीत पहिलं वाक्य हेच बोलावं: "मागच्या वेळी इथून गेल्यावर मला फार वाईट वाटलं." यापेक्षा उपयोगाची माहिती समुपदेशकाला दुसरी मिळणार नाही.

*

घरातल्यांचं काय? आपल्या घरांत एकटं कुठे जाऊन येणं ही घरभराची बाब असते. कुणी सोडायला येतं, कुणी बाहेर बाकावर बसतं, आणि परतताना विचारतं, "काय बोललीस? माझ्याबद्दल काही बोललीस का?" यात नेहमी संशय असतो असं नाही, बऱ्याचदा काळजीच असते. तरीही काय सांगायचं आणि किती, ते फक्त जाणाऱ्याने ठरवायचं. "झोपेबद्दल बोलणं झालं," एवढं उत्तर पुरतं. नवरा किंवा आई समुपदेशकाला परस्पर फोन करून "ती काय म्हणाली?" असं विचारत असेल, तर समुपदेशकाने तो फोन नम्रपणे थांबवायला हवा आणि त्याची माहिती तुम्हाला द्यायला हवी.

कधी कधी मात्र घरच्यांनाच आत बोलावण्याची गरज असते. व्यसनाच्या उपचारात तर ती असतेच. अनिता आणि अनिल अवचटांनी १९८६ साली पुण्यात सुरू केलेल्या मुक्तांगणने हे फार लवकर ओळखलं. दारू सोडायला आलेल्या माणसाच्या बायकोचाही स्वतंत्र गट तिथे चालतो, त्याचं नाव 'सहचरी'. पिणाऱ्याला जितकी मदत लागते, तितकीच त्याच्याबरोबर वर्षानुवर्षं घर ओढणारीला लागते.

*

दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत काम सुरू होतं. 'काम' हाच शब्द वापरतो, कारण आठवड्यातला एक तास तिथे जातो आणि उरलेले दिवस तुमच्याकडे असतात. कोणत्या पद्धतीने काम करायचं हे समुपदेशकाच्या शिक्षणावर ठरतं. महाराष्ट्रात एका पद्धतीला खास परंपरा आहे. अल्बर्ट एलिस यांनी १९५० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली. मुंबईचे कि. मो. फडके यांनी त्यांच्याशी दीर्घ पत्रव्यवहार करून ती आत्मसात केली आणि इथल्या अनेकांना शिकवली. डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये ठाण्यात स्थापन केलेल्या 'आयपीएच' या संस्थेने ती मराठीत रुजवली.

या पद्धतीत त्या शिक्षिकेशी होणारं बोलणं साधारण असं असतं. वर्गात धडधडायला लागण्याआधी मनात काय आलं? "आज निरीक्षणाला साहेब येणार." मग? "माझं शिकवणं त्यांना आवडलंच पाहिजे." आणि नाही आवडलं तर? "तर माझी लायकीच नाही." समुपदेशक इथे थांबते. साहेबांना शिकवणं आवडावं ही इच्छा रास्त आहे. पण ते आवडलंच पाहिजे ही मागणी, आणि त्यावरून स्वतःच्या लायकीचा निकाल, या दोन गोष्टी तपासायच्या. पंधरा वर्षांच्या नोकरीत निरीक्षणाचा शेरा कधीच वाईट आला नाही का? आला होता तेव्हा काय झालं? बाईला आठवतं, आला होता, आणि काहीच झालं नव्हतं. घरी जाताना तिला एक तक्ता मिळतो: प्रसंग, मनातला विचार, भावना, आणि त्या विचाराला दुसरं काय उत्तर देता येईल. आठवड्यात तीन वेळा भरून आणायचा.

पुढच्या भेटीला ती तक्ता कोराच घेऊन येते. शिक्षिका असल्यामुळे गृहपाठ न केल्याची तिला दुप्पट लाज वाटते. समुपदेशक रागावत नाही. तक्ता कोरा का राहिला यावरच ती भेट होते. कळतं ते असं, की दिवसभरात स्वतःसाठी पेन घेऊन दहा मिनिटं बसायला घरात तिला जागाच नाही. शेवटी ठरतं, शाळेतल्या मधल्या सुट्टीत स्टाफ रूममध्ये लिहायचं. समुपदेशनातली प्रगती बऱ्याच वेळा अशीच दिसते, मधल्या सुट्टीएवढी.

भाषेबद्दलही एक सांगायला हवं. डिप्रेशन, अँग्झायटी, ट्रॉमा हे शब्द आले पाहिजेत असं नाही. जीव घाबरा होतो, कशात राम वाटत नाही, हातापायांतलं बळ गेलंय, डोक्यात भणभणतं: जे घरी म्हणाल तेच तिथे म्हणावं. मालवणीत, वऱ्हाडीत, अहिराणीत म्हणावं. समोरच्याला ते समजत नसेल तर त्याने विचारावं.

*

चौथ्या भेटीच्या आसपास एक प्रश्न स्वतःला विचारावा: या माणसाबरोबर काम होईल का? एडवर्ड बॉर्डिन यांनी १९७९ मध्ये उपचारातल्या नात्याचे तीन धागे सांगितले होते. कुठे पोचायचं याबद्दल दोघांचं एकमत, त्यासाठी काय करायचं याबद्दल एकमत, आणि एकमेकांवरचा विश्वास. यांतला एखादा जुळत नसेल तर ते बोलावं. "तुम्ही फार घाई करता," "मला तक्ते नकोत, थोडं ऐकून घेणारं कोणी हवंय," असं म्हणता येतं. त्यावर समुपदेशक कसा वागतो, यावरून पुष्कळ कळतं. बदलूनही न जमल्यास दुसऱ्याचं नाव मागावं. त्यात अपमान कुणाचाच नाही.

आपल्या समाजात याला आणखी एक पदर आहे. फॉर्मवर पहिल्याच ओळीत आडनाव असतं आणि ते वाचून समोरच्याच्या चेहऱ्यावर काय बदलतं, हे काही लोकांना लहानपणापासून वाचता येतं. दलित मुलगा वसतिगृहातल्या अपमानाबद्दल बोलत असताना समुपदेशक त्याला "तू जास्त मनाला लावून घेतोस" म्हणाला, तर तिथला विश्वास संपला. जातीतून आलेली जखम ही विचारांतली चूक नसते. तक्ता भरून ती जाणार नाही, आधी ती झाली आहे हे मान्य व्हावं लागतं. समलिंगी व्यक्तींचंही तसंच. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये लैंगिक कल 'बदलण्याचे' उपचार हे डॉक्टरांसाठी व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं आहे. कोणी 'बदलून देतो' म्हणालं तर तिथून उठावं. पहिल्या फोनवरच "आंतरजातीय लग्नाबद्दल, समलिंगी असण्याबद्दल तुमची भूमिका काय?" असं विचारायला हरकत नाही.

आणखी काही ठिकाणीही उठावं. मनोविकारतज्ज्ञाने दिलेल्या गोळ्या परस्पर बंद करायला सांगणारा, दुसऱ्या अशिलांच्या गोष्टी नावानिशी सांगणारा, बाहेर भेटायला बोलावणारा, अंगाला हात लावणारा, पैसे उसने मागणारा, अमुक दिवसांत बरं करण्याची हमी देणारा: यांच्यापैकी कोणालाही दुसरी संधी देण्याचं कारण नाही.

*

पैसे हा खरा अडसर आहे. शहरांत एका सेशनला पाचशेपासून दोन-अडीच हजारांपर्यंत घेतात. २०१७ च्या कायद्याने विमा कंपन्यांना मानसिक आजारांसाठीही शारीरिक आजारांच्या बरोबरीने विमा द्यायला सांगितलं आहे. पण बहुतेक पॉलिसी भरती झाल्यावरचा खर्च देतात, आठवड्याच्या समुपदेशनाची फी खिशातूनच जाते. म्हणून काही संस्था ऐपतीप्रमाणे फी घेतात. ते विचारायला संकोच करू नये. सरकारी जिल्हा रुग्णालयात केस पेपर काढून मनोविकार विभागात दाखवता येतं. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात समुपदेशनाचीही सोय असते, गर्दीमुळे वेळ मात्र थोडा मिळतो. 'टेलिमानस' या सरकारी मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. तो चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं आणि पैसे लागत नाहीत. निमहान्स या मानसिक आरोग्य संस्थेच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशातल्या सुमारे पंधरा कोटी लोकांना मानसिक आरोग्याच्या सेवेची गरज होती, आणि नेहमी आढळणाऱ्या मानसिक विकारांत दहापैकी आठांहून अधिक जणांपर्यंत उपचार पोचत नव्हते. एवढी मोठी दरी एका फोन क्रमांकाने भरणार नाही, हे खरं. पण रात्री दोन वाजता जागं असलेल्या माणसाला तो क्रमांक पाठ असणं, ही मला फार मोठी गोष्ट वाटते.

फोनवर किंवा व्हिडिओवर नियमित सेशन घेणाऱ्यांनी जागेचा विचार आधी करावा. दोन खोल्यांच्या घरात हे अवघड आहे. लोक गच्चीवर जातात, पार्किंगमध्ये उभ्या गाडीत बसतात, कुणी ऑफिस सुटल्यावर रिकाम्या मीटिंग रूममध्ये थांबतं. आजूबाजूला कोणी आलं तर बोलणं बदलायचं म्हणून एखादा खुणेचा शब्द समुपदेशकाबरोबर आधीच ठरवून ठेवावा.

*

आणि शेवट? तोही ठरवून होतो. शिक्षिकेची झोप सुधारली, नऊ प्रश्नांच्या कागदावरची बेरीज सतरावरून सहावर आली, की समुपदेशकच म्हणते, आता पंधरा दिवसांनी भेटू. मग महिन्याने. शेवटच्या एक-दोन भेटींत दोघी मिळून एक पान लिहितात. त्रास परत येऊ लागला तर सर्वांत आधी काय बिघडतं? बाईच्या बाबतीत पहाटे चारला जाग, मग मुलांवर ओरडणं, मग मैत्रिणीचे फोन न उचलणं. यांतलं पहिलं दिसलं की काय करायचं, दुसरं दिसलं की कुणाला सांगायचं, आणि तिन्ही आठवडाभर टिकली तर पुन्हा वेळ घ्यायची. ते पान तिने शाळेच्या डायरीत ठेवलं. परीक्षांचा हंगाम आला की ते एकदा वाचायचं, असंही ठरलं, आणि पुढच्या मार्चसाठी एक भेट तिने आत्ताच नोंदवून ठेवली.